जिल्ह्याचा एसपी घडतो कसा आणि करतो काय

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली आपल्याकडे गावोगाव आहेत. साताऱ्यातल्या माणपासून सांगलीतल्या जतपर्यंत कुठल्याही डांबरी रस्त्यावर पहाटे जा, कोणी ना कोणी पळताना दिसतंच. यातल्या बहुतेकांच्या मोबाईलमध्ये एखाद्या आयपीएस अधिकाऱ्याचं भाषण असतं. शिराळा तालुक्यातल्या कोकरुडचे विश्वास नांगरे पाटील 1997 च्या बॅचचे आयपीएस झाले, 2008 च्या नोव्हेंबरमध्ये ताज हॉटेलात दहशतवाद्यांसमोर गेले आणि पुढे कोल्हापूर परिक्षेत्राचे प्रमुख म्हणून आपल्याच भागात आले. तेव्हापासून तर या भागातल्या कितीतरी घरांत ‘आपलं पोरगं एसपी व्हावं’ हे स्वप्न रुजलं. स्वप्न चांगलंच आहे. पण एसपी दिवसभर नेमकं करतात काय, त्यांना कोण शिकवतं आणि काय शिकवतं, असं विचारलं तर उत्तर गाडी, सलामी आणि छापा यापलीकडे जात नाही.

खरी गोष्ट अशी की पोलीस अधिकारी जसजसा वर चढतो तसतसा तो स्वतः तपास कमी करतो आणि दुसऱ्यांनी केलेला तपास जास्त पाहतो. हवालदार पंचनामा करतो, फौजदार जबाब घेतो, निरीक्षक पोलीस ठाणं चालवतो. एसपींचं काम या सगळ्यांनी केलेलं काम तपासणं, चुकलं असेल तर वेळेत धरणं आणि जिल्ह्यात काही बिघडलं तर त्याचं उत्तर देणं. त्यांच्या प्रशिक्षणातला प्रत्येक भाग या एका गोष्टीकडे बघून समजून घेतला की सोपा होतो.

आधी एसपी नेमके कुठे बसतात ते पाहू. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे जिल्ह्याच्या पोलीस दलाचे प्रमुख म्हणजे पोलीस अधीक्षक, आपल्या बोलण्यातले एसपी. त्यांच्या हाताखाली एक अपर पोलीस अधीक्षक, मग कराड, फलटण, वाई, मिरज, तासगाव, विटा, जत अशा उपविभागांचे पोलीस अधिकारी (लोक त्यांना डीवायएसपी म्हणतात) आणि त्यांच्याखाली पोलीस ठाण्यांचे प्रभारी निरीक्षक. एसपींच्या वर कोल्हापुरात विशेष पोलीस महानिरीक्षक असतात. त्यांच्या परिक्षेत्रात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर ग्रामीण आणि पुणे ग्रामीण असे पाच घटक येतात. त्याच्याही वर मुंबईत पोलीस महासंचालक. खांद्यावरून ओळखायचं तर डीवायएसपींना तीन स्टार, एसपींना अशोकस्तंभ आणि स्टार, आणि महानिरीक्षकांना एकमेकांवर आडवी ठेवलेली तलवार व दंड, त्यावर स्टार.

जिल्ह्यातला प्रत्येक खाकी कपडा एसपींच्या हाताखाली येतो असं मात्र नाही. मिरज जंक्शनवर गाडीत बॅग चोरीला गेली तर तो गुन्हा लोहमार्ग पोलिसांचा, आणि त्यांचे अधीक्षक पुण्यात बसतात. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची साखळी वेगळी, महामार्ग पोलिसांची वेगळी, राज्य राखीव पोलीस दलाची वेगळी.

या खुर्चीपर्यंत जायच्या वाटा

सरळ वाट केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची. पूर्व परीक्षा फक्त चाळणी. खरे गुण मुख्य परीक्षेचे 1750 आणि मुलाखतीचे 275, एकूण 2025. खुल्या गटाला 32 वर्षांपर्यंत 6 संधी, इतर मागास वर्गाला 35 पर्यंत 9, अनुसूचित जाती-जमातींना 37 पर्यंत संधींची मर्यादा नाही. उंचीची अट पुरुषांना 165 सेंटीमीटर आणि महिलांना 150, अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना त्यात सवलत. परीक्षेबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही. त्यावर साताऱ्या-सांगलीतल्या प्रत्येक अभ्यासिकेत भरपूर बोललं जातं.

दुसरी वाट आपल्याकडे कमी चर्चेत असते, आणि ती असायला हवी. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतून थेट पोलीस उपअधीक्षक होता येतं. त्यांचं प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होतं. आयपीएसच्या वरिष्ठ पदांपैकी 33⅓ टक्के वाटा राज्य पोलीस सेवेतून बढतीने येणाऱ्यांसाठी राखलेला आहे. म्हणजे आज डीवायएसपी म्हणून रुजू झालेली वाळव्याची एखादी मुलगी काही वर्षांनी आयपीएसच्या यादीत येऊ शकते आणि एसपीही होऊ शकते. असे अधिकारी आले की पोलीस ठाण्यातले जुने अंमलदार जरा सावरून बसतात, कारण ठाण्यातले सगळे कोपरे त्यांना माहीत असतात. दोन्ही वाटांनी आलेले अधिकारी दलात असणं जिल्ह्याच्या फायद्याचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

शिपायांचं प्रशिक्षण याहून निराळं. तासगाव तालुक्यातल्या तुरचीला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. त्याच तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील राज्याचे गृहमंत्री होते. तुरचीसारख्या केंद्रांमधून बाहेर पडलेले शिपाईच पुढे एसपींच्या जिल्ह्यात बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या भागात उभे राहतात, आणि एसपी कितीही हुशार असले तरी जिल्ह्याची पोलीस यंत्रणा अखेर या शिपायांइतकीच चांगली असते.

हैदराबादमध्ये काय शिकवतात

आयपीएसमध्ये निवड झालेल्यांना आधी मसुरीच्या लाल बहादूर शास्त्री अकादमीत पायाभूत अभ्यासक्रम करावा लागतो. तिथे भावी कलेक्टर, भावी एसपी, परराष्ट्र सेवेतले, महसूल सेवेतले सगळे एकत्र असतात. नंतर खाकी घालणारे हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत येतात. ही संस्था 1948 मध्ये माउंट अबूला सुरू झाली आणि 1975 मध्ये हैदराबादला आली. मसुरी, हैदराबादचे दोन टप्पे आणि त्यांच्या मधलं जिल्ह्यातलं प्रशिक्षण असं सगळं धरून जवळपास दोन वर्षं जातात. या काळात ते परिविक्षाधीन असतात, म्हणजे नोकरी लागली तरी कायम झालेली नसते.

पहाटे मैदान, मग वर्ग, संध्याकाळी पुन्हा मैदान. कवायत, पोहणं, घोडेस्वारी, गोळीबार, हत्याराशिवायची झटापट, डोंगर चढणं, जंगलातल्या कारवाईचे धडे, लष्कराच्या तुकडीबरोबर राहणं. घोड्यावर बसून आता कोण गुन्हेगार पकडतो, असं कोणालाही वाटेल. पण घोडा हुकूम ओळखतो तशी वरच्याची भीतीही ओळखतो, आणि अंगातली भीती दाबून शांतपणे हुकूम द्यायची सवय तिथे लागते. पाचशे माणसांचा जमाव समोर आला की ती सवय कामी येते.

वर्गात फौजदारी कायदा हा सगळ्यात मोठा भाग. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाले. त्यामुळे जुन्या अधिकाऱ्यांनाही तोंडपाठ झालेली कलमं नव्याने शिकावी लागली. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता कायद्यानेच करायचं आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञांनी जायचं आहे. न्यायवैद्यकशास्त्र, सायबर गुन्हे, मानवी हक्क, गुन्ह्याचं मानसशास्त्र हे विषय आहेतच. ज्या राज्याचं केडर मिळेल तिथली भाषाही शिकावी लागते. बिहार किंवा केरळमधून महाराष्ट्र केडरला आलेला अधिकारी वर्षभराने माणदेशी फिर्यादीचं बोलणं ऐकून समजून घेतो, तो या शिकण्यामुळे आणि पुढे लागणाऱ्या जिल्ह्यातल्या सरावामुळे.

सर्वांगीण कामगिरीत पहिल्या येणाऱ्या प्रशिक्षणार्थीला पंतप्रधानांचा बॅटन आणि गृह मंत्रालयाचं रिव्हॉल्व्हर मिळतं. बातमी त्याचीच होते. पण माझ्या मते हैदराबादपेक्षा महत्त्वाचं शिक्षण त्यानंतर सुरू होतं.

ठाण्याच्या पायरीवरचे महिने

पहिला टप्पा झाला की प्रशिक्षणार्थी आपल्या राज्यात येतात. राज्याच्या अकादमीत काही आठवडे तिथले स्थानिक कायदे शिकतात आणि मग त्यांना एक जिल्हा मिळतो. तिथे ते पोलीस दलाचं एकेक काम हाताने करून बघतात. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर बसून फिर्याद कशी लिहितात ते पाहायचं. स्टेशन डायरीत नोंद कशी होते, अदखलपात्र (न्यायालयाच्या हुकमाशिवाय तपास करता येत नाही अशी) तक्रार कुठे जाते, मुद्देमाल कारकून जप्त केलेल्या वस्तूंना लेबल कसं लावतो, कोठडीच्या रजिस्टरात काय लिहितात. बीट अंमलदाराबरोबर गावात जायचं, पोलीस पाटलांशी बोलायचं. 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाने नेमलेला पोलीस पाटील खाकी घालत नाही. पण भावकीतला बांधाचा वाद कुठल्या घरात धुमसतोय हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

स्थानिक गुन्हे शाखेत काही दिवस, गुप्त माहिती गोळा करणाऱ्या जिल्हा विशेष शाखेत काही दिवस, मुख्यालयात राखीव निरीक्षकांकडे हत्यारं आणि गाड्या पाहायला काही दिवस. सरकारी वकिलांबरोबर न्यायालयात बसून खटले ऐकायचे. इथे एक धडा मिळतो, तो कुठल्याही वर्गात मिळत नाही. पंचनाम्यातली एक तारीख चुकलेली असते, पंच फितूर होतो, जप्तीच्या पिशवीवर सही नसते आणि डोळ्यांसमोर आरोपी सुटतो. चूक ठाण्यातल्या कोणा हवालदाराची असते. पण ती चूक वाचायचं काम कोणाचं होतं, हा प्रश्न त्या तरुण अधिकाऱ्याच्या मनात तिथे पहिल्यांदा येतो.

शेवटी काही आठवडे एका पोलीस ठाण्याचा स्वतंत्र कारभार दिला जातो. रात्री दोनचा अपघात, घरातून निघून गेलेली मुलगी, उसाच्या ट्रॅक्टरची अडवणूक, दारूच्या भांडणातला खून, यात्रेच्या वर्गणीवरून झालेली हाणामारी, या सगळ्यात पहिला निर्णय त्यांचाच. चाळीस-पन्नास अंमलदार त्यांच्याकडे बघत असतात आणि त्यातले निम्मे वयाने वडिलांएवढे. ‘साहेब, असं करत नाहीत’ असं सांगणारा एखादा जुना हवालदार भेटला आणि त्याचं ऐकायचं कधी आणि त्याला थांबवायचं कधी हे कळलं, तर प्रशिक्षण सार्थकी लागलं असं समजावं.

त्यानंतर हैदराबादचा दुसरा टप्पा आणि मग सहायक पोलीस अधीक्षक म्हणून उपविभागाचा ताबा. महाराष्ट्रात अनेक तरुण अधिकाऱ्यांची सुरुवातीची वर्षं गडचिरोलीत जातात. नक्षलग्रस्त भागात अपर अधीक्षक म्हणून काम करून आलेला अधिकारी पुढे कुठल्याही जिल्ह्यात एसपी होतो, तेव्हा सामान्य बंदोबस्ताचा ताण त्याला कमी वाटतो. उपविभागीय अधिकारी असतानाच पर्यवेक्षणाची खरी तालीम सुरू होते. ॲट्रॉसिटी कायद्याखालचे गुन्हे नियमानेच उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने तपासायचे असतात. मोक्क्याखालचा, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्याखालचा तपासही त्या दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. बाकीच्या गंभीर गुन्ह्यांत ठाण्याचा तपास वाचून त्यावर सूचना लिहायच्या.

तडीपारीची सही कोणाची

एसपींच्या अधिकाराबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा की ते कोणालाही उचलून आत टाकू शकतात. प्रत्यक्षात त्यांच्या हातातली ताकद कायद्याने बारीक वाटून दिलेली आहे. जिल्ह्यातले पोलीस एसपींच्या हुकमाखाली असतात, पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 नुसार खुद्द एसपींवर जिल्हादंडाधिकाऱ्यांचं, म्हणजे कलेक्टरांचं नियंत्रण असतं. जमावबंदीचे आदेश जिल्हादंडाधिकारी किंवा प्रांत काढतात. पुणे किंवा सोलापूर शहरात हेच अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतात. आपल्याकडे आयुक्तालय नसल्याने दोन खुर्च्यांनी एकमेकांशी बोलूनच चालावं लागतं.

बातमीत रोज दिसणारे तीन शब्द घेऊ. टोळी तडीपार केली असं वाचलं तर ते बहुधा पोलीस अधिनियमाचं कलम 55. पोलीस ठाण्याचे निरीक्षक प्रस्ताव करतात, उपविभागीय पोलीस अधिकारी चौकशी करतात, नोटीस देऊन त्या माणसांचं म्हणणं ऐकलं जातं आणि आदेश एसपींच्या सहीने निघतो. एकट्या माणसाची तडीपारी असेल तर ती कलम 56 खाली सहसा प्रांताधिकारी करतात. दोन्हींत मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. एमपीडीए म्हणजे धोकादायक गुंडांना खटल्याशिवाय डांबून ठेवण्याचा 1981 चा कायदा. त्याखाली स्थानबद्ध करण्याचा आदेश कलेक्टर देतात, एसपींनी फक्त प्रस्ताव पाठवायचा. ही स्थानबद्धता एक वर्षापर्यंत असते आणि सल्लागार मंडळापुढे तपासली जाते. मोक्का म्हणजे 1999 चा कायदा. तो लावायचा तर उपमहानिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते, म्हणून साताऱ्या-सांगलीचे प्रस्ताव कोल्हापूरला जातात. पुढे न्यायालयाने दोषारोपपत्राची दखल घ्यायची तर अपर महासंचालक दर्जाची वेगळी मंजुरी.

एवढे हात एका कागदावरून का फिरतात? कारण माणसाला खटल्याशिवाय जिल्ह्याबाहेर काढणं किंवा जामीन अवघड करणं ही मोठी गोष्ट आहे. कागद जिथून सुरू होतो तिथे कोणाचा तरी राग, गावचं राजकारण किंवा निवडणुकीचा हिशेब असू शकतो. वरचा अधिकारी तो कागद किती बारकाईने वाचतो यावर एखाद्याचं आयुष्य ठरतं. न्यायालयात तडीपारीचे आदेश रद्द होतात तेही अनेकदा याच कारणाने, वाचणाऱ्याने नीट वाचलेलं नसतं.

दर महिन्याची गुन्हे आढावा बैठक, जिला सगळे क्राईम मीटिंग म्हणतात, तीही याच वाचण्याची जागा. किती गुन्हे उघड, किती बाकी, कुठल्या प्रकरणात आरोपी अटक होऊन 60 किंवा 90 दिवस भरत आलेत. त्या मुदतीत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपीला आपोआप जामिनाचा हक्क मिळतो, मग गुन्हा कितीही गंभीर असो. आणि बेपत्ता माणसं. वाईजवळच्या धोममध्ये 2016 साली एका बेपत्ता महिलेच्या तपासातून खुनांची मालिकाच उघड झाली, त्यातला पहिला खून 2003 चा होता. मधल्या वर्षांत बेपत्ता झालेल्यांच्या नोंदी वेगवेगळ्या पानांवर पडून होत्या. रजिस्टरातल्या सुट्या सुट्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवून पाहायला वर कोणीतरी बसलेलं असावं लागतं. घरातलं माणूस परत न आलेल्यांना तर हे सांगायलाच नको.

मांढरदेव, पालखी, कृष्णा

प्रशिक्षणात गर्दीचं व्यवस्थापन हा विषय असतो. साताऱ्यात त्याचं पाठ्यपुस्तक मांढरदेवचा डोंगर आहे. 25 जानेवारी 2005 ला शाकंभरी पौर्णिमेच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि जवळपास तीनशे भाविक गेले. चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, आणि नंतर दुकानांना लागलेली आग. न्यायमूर्ती कोचर यांच्या आयोगाने चौकशी केली. आजही यात्रेच्या दिवसांत तिथे पशुबळीला आणि वाद्यांना बंदी असते. या घटनेनंतर साताऱ्यात येणाऱ्या प्रत्येक एसपींना जानेवारीआधी डोंगरावर जाऊन वाट पायाखाली घालावीच लागते. बंदोबस्ताचा आराखडा म्हणजे किती पोलीस कुठे, एवढंच नसतं. वर जाणारी आणि खाली येणारी वाट वेगळी आहे का, गर्दी कुठे थोपवायची, ॲम्ब्युलन्स कुठून बाहेर पडेल, वीज गेली तर काय, हे सगळं त्यात येतं. यातलं एकही काम पिस्तुलाने होत नाही.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी हे याचं शांत, सुंदर रूप. नीरा ओलांडली की सोहळा पुणे ग्रामीणच्या हद्दीतून साताऱ्याच्या हद्दीत येतो. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम, चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण, आणि पुढे धर्मपुरीजवळ सोलापूर ग्रामीणचे पोलीस जबाबदारी घेतात. गंमत म्हणजे हे तिन्ही घटक कोल्हापूर परिक्षेत्रात आहेत. त्यामुळे लाखो वारकऱ्यांच्या या वाटेवर एकच वरिष्ठ अधिकारी तिन्ही एसपींना जोडून ठेवतो. परिक्षेत्र नावाची गोष्ट कशासाठी असते, हे कळायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

सांगलीत परीक्षा पाण्याची. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी शहराला काय दाखवलं ते सांगलीकरांना सांगायची गरज नाही. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि गावाने आपली माणसं गमावली. पुरात एसपींच्या हातात धरणाचे दरवाजे नसतात, बोटीही फारशा नसतात. त्यांच्याकडे माणसं असतात आणि वायरलेस असतो. लोकांना घराबाहेर पडायला वेळेवर राजी करणं, रिकाम्या घरांवर रात्री गस्त ठेवणं, एनडीआरएफच्या जवानांना रस्ता माहीत असलेला स्थानिक अंमलदार देणं, ज्या पोलिसांची स्वतःची घरं पाण्यात आहेत त्यांनाही कामावर उभं ठेवणं. यातलं शेवटचं काम सगळ्यात कठीण असावं.

कोठडीची जबाबदारी

आता जे सांगणार आहे ते टाळता येत नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगली शहर पोलिसांच्या ताब्यात असलेल्या एका तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाला आणि त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचं उघडकीस आलं. पोलिसांनाच अटक झाली, तपास सीआयडीकडे गेला, शहर बंद झालं. माझ्यासारख्या कितीतरी माणसांच्या मनात तेव्हा जो विश्वास तुटला तो परत जोडायला वर्षं लागली.

आयपीएसच्या प्रशिक्षणात डी. के. बसू खटल्याचा 1996 चा निकाल शिकवतात. अटकेचा कागद करायचा, नातेवाइकांना कळवायचं, वैद्यकीय तपासणी करायची, वकिलाला भेटू द्यायचं. 2020 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीसह, सीसीटीव्ही लावायला सांगितलं. कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला 24 तासांत कळवायचं. हे सगळं पुस्तकात असतं. प्रश्न असा की रात्री अकराला एखाद्या ठाण्यात काय चाललंय हे एसपींना कळणार कसं? त्याला उत्तर एकच, अचानक जाऊन बघणं. स्टेशन डायरी आणि कोठडीचं रजिस्टर जुळतं का, ताब्यात घेतलेल्या माणसाची वेळ खरी आहे का, कॅमेरा चालू आहे की बंद. ठाण्याची वार्षिक तपासणी हे सरकारी सोपस्काराचं काम नाही. ती नीट केली तर माणसं जिवंत राहतात. गुन्हे उघड करण्याच्या आकड्यांवर अधिकाऱ्याचं कौतुक करणाऱ्या आपण सगळ्यांनीही हे लक्षात घ्यायला हवं, कारण लवकर कबुली हवी असा दबाव कधी कधी आपल्यातूनच वर जातो.

पुढच्या पायऱ्या

एसपीनंतरचा प्रवास नियमांनी बांधलेला आहे. साधारण 14 वर्षांच्या सेवेनंतर उपमहानिरीक्षक, 18 वर्षांनंतर महानिरीक्षक, 25 च्या आसपास अपर महासंचालक, आणि 30 वर्षांनंतर अगदी थोडे महासंचालक. प्रशिक्षणही मधे थांबत नाही. सेवेच्या ठरावीक टप्प्यांवर पुन्हा हैदराबादला जाऊन सेवाकाळातले अभ्यासक्रम करावे लागतात, आणि त्यांचे विषय हळूहळू तपासाकडून धोरण, अर्थसंकल्प, तंत्रज्ञान आणि माणसं सांभाळण्याकडे सरकतात.

सगळ्यात अडखळणारी गोष्ट बदलीची. 2006 च्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जिल्ह्याच्या एसपींना किमान दोन वर्षं मिळावीत. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस अधिनियम बदलून उपअधीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी एका जागी दोन वर्षांचा कार्यकाळ लिहिला. तरी मुदतीआधी बदली करायची वाट कायद्यात ठेवलेली आहेच. नवा एसपी आला की पहिले काही महिने जिल्हा समजण्यात जातात. जतचा दुष्काळी पट्टा आणि वाळव्याचा बागायती पट्टा यांतली भांडणं वेगळी, पाटणच्या डोंगरातली हद्द आणि महामार्गावरची शिरवळ-कराडची हद्द वेगळी. कुठल्या फौजदाराचा शब्द खरा, हे कळायला लागतं तोवर आदेश आला तर त्या जिल्ह्याचं नुकसान होतं. लोकांनी चांगल्या अधिकाऱ्याची मुदतीआधीची बदली झाली म्हणून निवेदनं दिल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यामागे भाबडेपणा आहे असं मला वाटत नाही.

एसपींच्या वाचण्याच्या कामात सामान्य माणसाचा कागदही येतो, आणि त्यासाठी कायद्यात जागा आहे. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या हुकमाशिवाय तपास करता येतो अशा गुन्ह्याची फिर्याद नोंदवून घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या ललिता कुमारी निकालात सांगितलंय. नव्या संहितेत तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, एवढीच सवड. तरीही ठाण्याने फिर्याद घेतली नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली तीच हकीकत लिहून पोस्टाने एसपींकडे पाठवता येते. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एसपींनी स्वतः तपास करायचा किंवा हाताखालच्या अधिकाऱ्याला लावायचा, हे कायद्यानेच सांगितलं आहे. अर्जात तारीख, वेळ, ठिकाण, ठाण्यात कधी गेलात आणि कोणी काय सांगितलं एवढं साध्या मराठीत लिहिलं तरी पुरतं, वकिली भाषा लागत नाही. रजिस्टर पोस्टाची पावती आणि अर्जाची प्रत जपून ठेवा. एसपींकडूनही काही झालं नाही आणि कलम 175(3) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागलं, तर शपथपत्राबरोबर त्या दोन्ही जोडाव्या लागतील.